यारो: बी पेरावं की ठोंब फोडावा?

यारो ही औषधी वनस्पती लावायचं नक्की झालं की एकच प्रश्न उरतो. पाकिटातलं बी आणायचं, की तयार ठोंब फोडून त्याचे फुटवे लावायचे? मी दोन्ही करून बसलो आहे. घर आंजर्ल्याजवळ, जमीन जांभ्याची, पाऊस नेहमीचा कोकणातला. घाटमाथ्यावरच्या मंडळींनी माझं बोलणं निम्मंच मनावर घ्यावं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर बोल नको. हे झाड थंड मुलखातलं. काश्मीर-हिमाचलात ते रानात उगवतं. होमिओपॅथीतलं मिलेफोलियम ते हेच. फुलायला त्याला लांबलचक दिवस लागतात. आपल्याकडे सर्वात मोठा दिवस जेमतेम तेरा तासांचा, आणि तोही येतो नेमका पाऊस कोसळायच्या सुमाराला. पाचगणीच्या एका नर्सरीतून मी आणलेलं रोप गुच्छांनी भरलेलं होतं, इथे दुसऱ्या वर्षी दोन किडकिडे दांडे आले. मी ते पानांसाठी ठेवलं आहे. शेपूसारखी बारीक कातरलेली पानं, चुरडली की कापराच्या जवळचा वास. फुलांचाच हट्ट असेल तर शेवंती लावा, सुखी व्हाल.

आता बी. स्वस्त, चिमूटभर बियांत अख्खा वाफा होईल इतकं. शिवाय बियांतून आलेली रोपं एकसारखी नसतात, त्यामुळे इथल्या दमट हवेत तग धरणारं एखादं चिवट रोप त्यांत निघू शकतं. हा मुद्दा मला आजही पटतो. पेरायचं थंडी पडल्यावर, डिसेंबरच्या आसपास, बारीक वाळूत मिसळून. वाळू नदीची घ्या. समुद्राची नको, खाडीचीही नको. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

खरी अडचण ही की बी मातीने झाकायचं नाही. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून वरच भुरभुरायचं आणि हलकेच दाबायचं. पण वाफ्याला मिळणारा उजेड काही एकट्या यारोलाच मिळत नाही. त्या वर्षी आंब्यांसाठी घाटावरून शेणखताची गाडी आली होती, त्यातलंच घमेलंभर मी ट्रेमध्ये मिसळलं. छान उगवलं सगळं. पानं कातरलेली, पाकिटावरच्या चित्राशी जुळणारी. रोज सकाळी फवारा, दुपारी झापांची सावली. दीड महिन्यात पांढऱ्या कळ्या धरल्यावर मी घरच्यांना खळ्यात बोलावून दाखवल्या. नारळ उतरवायला आलेला पाडेली माडावरून खाली आला, ट्रेकडे बघून म्हणाला, "अण्णानू, गाजर गवताला पानी कशाला घालताव?"

गाजर गवतच होतं. यारो त्याच कुळातलं, पण दीड महिन्यात त्याला कळ्या येत नाहीत, एवढं तरी मला कळायला हवं होतं. खरी यारोची रोपं त्या गर्दीत सहा निघाली, तीही पिवळटलेली. चार-पाच पानं होईपर्यंत दोन्हींतला फरक माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही. वास घेऊन ओळखायचं म्हटलं तर पान चुरडावं लागतं, आणि त्या वयाच्या रोपाला पानं असतात किती? (गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यांना यारोनेही सुटू शकते, तेवढं जपा.)

कोकोपीटमध्ये पेरलं तर हा घोळ होत नाही, हे मान्य. पुढच्या वर्षी तेही केलं. माडांच्या गावात काथ्याचा भुसा विकत आणताना लाज वाटली, पण आणला. तण आलं नाही. मात्र एके दुपारी वारा सुटला, मी लग्नाला गेलो होतो, फवारा चुकला आणि संध्याकाळी ट्रे कोरडा ठणठणीत. तुम्ही दिवसभर घरी असाल तर तुमचा अनुभव वेगळा येईल.

ठोंबाचं गणित सोपं, केळीचे मुनवे काढणाऱ्याला शिकवायला नको. दिवाळीनंतर ऊन जरा नरमलं की ठोंब उपटायचा, मधला जुनाट भाग टाकून द्यायचा, कडेचे दोन-तीन कोंबांचे मुळांसकट तुकडे करायचे, पानं अर्धी छाटायची आणि वीतभर-दीड वीत अंतरावर लावायचे. आठवडाभर पाणी, पुढे बेतानेच. खत जवळजवळ नको, खताने ते लोळतं. माझे आठातले सात लागले. आणि जे लावलं ते यारोच आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. या एका सुखासाठी मी बाकी पुष्कळ माफ करतो.

माफ करण्यासारखं आहेही. मूळ झाड विकत घ्यायचं तर महाग पडतं, आणि फोडायला ते आधी पावसाळ्यातून जगावं लागतं. मुळांशी पाणी साचलं की कुजतं, आणि सगळे फुटवे एकाच झाडाचे असल्यामुळे एकाला जे होतं ते सगळ्यांना होतं. म्हणून जूनच्या आधी दोन ठोंब कुंड्यांत घेतो, तळाला चिऱ्याचे तुकडे, वर वाळू जास्त, आणि कुंड्या पडवीच्या कठड्यावर, पागोळ्या लागणार नाहीत अशा. उजेड कमी पडतो, झाड रोडावतं, पण दसऱ्यापर्यंत टिकतं. वाफ्यातलं गेल्या पावसाळ्यात गेलं, कठड्यावरचं राहिलं.

त्याच्या यंदा चार कुंड्या होतील. उरलेल्या बियांचं पाकीट फ्रीजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात पडून आहे. कुणी येणार असेल तर घेऊन जा, चाळलेली माती मात्र आपली आणा.