फ्लोरल वायर: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

पाडव्याच्या सुमाराला क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या गल्लीतून फ्लोरल वायरच्या, म्हणजे फुलांना आणि पानांना आधार द्यायच्या बारीक तारेच्या, जुड्या आणल्या, त्या अजून हाताशी आहेत. डोहाळजेवणाचे दागिने, हळदीची फुलं, गौरीची आरास, फुलदाणीतले जरबेरा, क्रेप कागदाची आणि स्टॉकिंगची (तारेच्या कडीवर ताणलेल्या पातळ नायलॉन कापडाची) फुलं, सगळीकडे वापरून झाली. मे महिन्याचा घाम, जुलैचा पाऊस आणि ऑक्टोबरचा उकाडा तिने बघितला. त्यामुळे आता ठामपणे सांगते: तार घेताना कंपनीचं नाव सोडा, नंबर आणि आवरण बघा. मुंबईत राहत असाल तर आवरण आधी.

नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. 18 नंबर मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, 24 साधारण अर्धा मिलिमीटर, 30 त्याच्याही निम्म्याच्या आसपास. कागद गुंडाळलेल्या तारेत कागदाची जाडी मिसळते, म्हणून कापलेलं टोक बघून घ्या. मी 20, 24 आणि 28 घेतल्या. सगळ्यांत जास्त 24 संपली. गुलाब, शेवंती, अष्टर, कागदी फुलांचे देठ, बहुतेक कामं तिच्यातच होतात. 20 जरबेराला आणि दागिन्यांच्या सांगाड्याला, 28 पानांना. नंबर बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर फूल लावलेली काडी आडवी धरा. फुलाच्या वजनाने तार लवता कामा नये, पण बोटाने मात्र सहज वळली पाहिजे.

एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली की तिथला लोखंडाचा भाग कडक होतो आणि पट्कन तुटतो. वळण मनात ठरवूनच हात चालवावा. आणि कापायला पक्कड किंवा वायर कटरच. शिवणाची कात्री यात कायमची जाते.

फुलागणिक पद्धत वेगळी. गुलाबाच्या पाकळ्यांखाली जी हिरवी गाठ असते, तिच्यातून तार आडवी आरपार काढायची, दोन्ही बाजू खाली वळवून देठाला पीळ द्यायचा. शेवंतीला खालून तार घालून मधल्या चकतीतून वर काढायची, टोकाला बारीक आकडा करायचा आणि हळूच खाली ओढायची. आकडा फुलात दिसेनासा होतो. पानाला मागून शिरेजवळ एक टाका घेऊन तारेचे दोन पाय देठाशी बांधले की पान हवं तिकडे वळतं. नेच्याच्या पानांना हे फार छान जमतं.

जरबेरासाठी तर ही तार घ्याच. दादरच्या मीनाताई ठाकरे फूल बाजारातून सकाळी ताठ आणलेला जरबेरा संध्याकाळपर्यंत फुलाखाली मान टाकतो, कारण देठ आतून बराच पोकळ आणि फूल जड. विक्रेते म्हणूनच कधी कधी देठावर प्लास्टिकची नळी चढवून देतात. मी 20 नंबरची तार फुलाच्या बुडाशी खोचून देठाभोवती सैल वेढे देत खाली आणते. देठाचं कापलेलं टोक मोकळं राहतं, त्यामुळे फूल पाणी पीत राहतं. फक्त तारेचं शेवटचं टोक पाण्याच्या वरच थांबवायचं.

माझ्या दृष्टीने या तारेचं सगळ्यांत मोलाचं काम डोहाळजेवणाच्या दागिन्यांत आहे. दोऱ्यावर ओवलेला बाजूबंद घसरतो, मुकुट कपाळावर येतो. 20 नंबरचा सांगाडा करून त्यावर फुलं बसवली की दागिना आकार धरतो आणि अंगाच्या मापाने थोडा सैल-घट्टही करता येतो. पण सगळी सुरक्षितता तारेवर गुंडाळायच्या हिरव्या टेपवर अवलंबून आहे. तो टेप मेण लावलेल्या कागदाचा असतो आणि ताणल्याशिवाय चिकटत नाही. हलका ताण देत, तिरका, अर्धा अर्धा एकमेकांवर येईल असा गुंडाळायचा. तारेचं प्रत्येक टोक आत दुमडायचं, मग टेप, मग आतल्या बाजूने बोट फिरवून बघायचं. सातव्या-नवव्या महिन्यातली बाई तासन् तास ते दागिने घालून फोटो काढते, ओटी भरून घेते. तिला एकही टोक टोचता कामा नये.

मोगऱ्याला मात्र तार लावत नाही. बाजारात एक गजरेवाली मावशी बसतात, त्या म्हणाल्या, “कळीला भोक पाडू नको गं, तिथनंच काळी पडते.” त्यांचं म्हणणं दर वेळी पटत गेलं. मोगरा दोऱ्यात गुंफायचा आणि तो गजरा तारेच्या सांगाड्याला बांधायचा. तार लावून देठ कापलेल्या फुलाला पाणी मिळत नाही, हेही धरून चाला. दागिने समारंभाच्या दिवशी सकाळीच करावेत आणि घालेपर्यंत ओलसर फडक्यात, डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावेत.

आता पावसाळ्याचं सांगते. कागदी आवरणाची तार आपल्या दमट हवेत ओल धरते. हिरवा रंग दिलेली तारही कापलेल्या टोकाशी उघडी लोखंडी असते, आणि समुद्राजवळच्या खारट हवेत गंज तिथूनच चढतो. श्रावणात केलेल्या पांढऱ्या साटिनच्या फुलांवर गौरी येईपर्यंत तपकिरी डाग उतरले. टेप लावलेली टोकं मात्र स्वच्छ होती. तेव्हापासून उरलेल्या जुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. टिकाऊ फुलांसाठी जस्ताचा मुलामा असलेली तार मिळाली तर तीच घ्यावी.

ॲल्युमिनियमची रंगीत तार गंजत नाही, सुरेख वळते, पण मऊ आहे. वजन पेलत नाही. वेलीसारखे पीळ काढायला ठीक, देठाला नको. स्टॉकिंगच्या फुलांना रंगीत बारीक तारच हवी, कारण पाकळीच्या कडेला ती दिसते. आमच्या आईच्या पिढीच्या शोकेसमध्ये असायची तीच ही फुलं, आणि पाकळीचा आकार तारेवरच ठरतो.

देवाच्या हारात तार घालू नका, ही कळकळीची विनंती. गणपतीत महापालिकेच्या कलशात जमा होणाऱ्या निर्माल्याचं खत केलं जातं. त्यात तार गेली तर ती कुणाला तरी हाताने वेचावी लागते. देवळाबाहेर गाईपुढे टाकलेल्या हारातली तार तर तिच्या जठरात रुतून जीवघेणी ठरू शकते. पूजेला सुती दोरा किंवा केळीचं सोपट पुरेसं आहे. आरास उतरवताना मी फुलं आणि तार वेगळी करूनच टाकते, आणि सरळ निघालेल्या काड्या पुन्हा कागदी फुलांना वापरते.

लग्नसराईसाठी 24 नंबर पुन्हा आणली आहे, या वेळी जस्ताच्या मुलाम्याची, आणि टेप आधीपेक्षा जास्त. 28 ची जुडी अजून अर्धी शिल्लक आहे. ॲल्युमिनियमची परत घेणार नाही.