मिरजेचा तानपुरा, आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर मिरजेहून तानपुरा आणला, त्याला आता आठ महिने झाले. बायकी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा, काळी चार या पट्टीत लावायचा, भोपळा मंगळवेढ्याकडचा. तोवर कित्येक वर्षं मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज चालला होता. ‘खऱ्या वाद्याची सर त्याला नाही’ हे ऐकून कान किटले होते. सर म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नसे.

घरच्यांनी ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, “घुमतो छान, पण जरा नाकात बोलतो.” लेक म्हणाली, मधमाश्या. नवऱ्याने विचारलं, “फ्रिज बिघडलाय का?” गाण्याच्या बाईंनी चार तारा एकदाच छेडल्या आणि म्हणाल्या, “जवारी फार खुली आहे गं. तुझ्या गळ्याला गोल हवी.” जवारी म्हणजे तारेचा झंकार: खुली म्हणजे तीक्ष्ण, गोल म्हणजे मऊ.

परीक्षेसाठी ‘नादाची जात’ ही व्याख्या मी घोकली होती: स्वर तोच, जोर तोच, तरी सनई वेगळी आणि सारंगी वेगळी ओळखू येते ती जातीमुळे. पण एकाच वाद्याची जात सुताच्या धाग्याने बदलते, हे बाईंनी दाखवलं. घोडीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या आधारावर तारा टेकतात त्याचा, माथा सपाट दिसला तरी किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला घासत राहते, आणि त्या घासण्यातून मूळ स्वरासोबतचे वरचे बारीक उपस्वर जागे होतात. तारेखालचं सूत बाईंनी केसभर सरकवलं आणि नाकातला आवाज छातीत उतरला. सूत काढलं तर तार मुकीच.

सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याच गोष्टीवर लिहिलं होतं. एरवी तार बरोबर मध्यावर छेडली तर वरचा षड्ज त्या तारेतून निघायला नको. मी जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जांपैकी एका, तारेवर करून पाहिलं: सूत असताना तो स्वच्छ ऐकू येतो. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून आपोआप निघणारा स्वयंभू गंधार मात्र मला तीन महिने ऐकू आला नाही. बाई म्हणत, “शोधू नकोस, नुसती बस.” एका पहाटे तो आला, आणि आता घालवू म्हटलं तरी जात नाही.

ॲपची बाजूही सांगते. शेजारच्या खोलीतून नवऱ्याला दोन्हींतला फरक ओळखता आला नाही, पाचदा विचारून. जवळ बसल्यावर कळतो. ॲपमधलं प्रत्येक आवर्तन हुबेहूब तेच. इथे बोट जरा तिरकं पडलं की रंग बदलतो. आघात संपल्यावरही नाद लगेच विझत नाही, आधी उमलतो. शब्द माझा नाही, लेकीचा. मधमाश्यांवरून ती इथवर आली.

आता तक्रारी. गवसणी, म्हणजे खोळ, तोकडी, घोडीपाशी अडते. जूनपासून खर्जाची खुंटी सरकते, खडू लावून लावून हात पांढरे. सहाव्या महिन्यात तारांनी घोडीवर चरे पाडले आणि जवारी बंद झाली. इथल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने घासून इतकी खोलली की पत्रा वाजल्यासारखं वाटे. शेवटी मिरजेचीच वाट धरली. हा खर्च वरचेवर येणार हे धरूनच घ्या. दुकानात ‘गोल हवा’ एवढंच म्हणू नका. तिथल्या गोलमध्ये आणि तुमच्या गोलमध्ये अंतर असतं. आपल्या पट्टीत लावून घ्या आणि सोबत षड्ज लावून बघा. आपला आवाज त्यात मिसळला तर ठीक, वर तरंगत राहिला तर दुसरा मागा.

परवा सासूबाई आतूनच म्हणाल्या, “याला सर्दी झाली का गं?” मला काही जाणवलं नव्हतं. पाहिलं, तर पंचमाच्या तारेखालचं सूत निसटलं होतं.