पंधराशेचे सापळे आणि मूठभर रांगोळी

आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर. मागच्या खोलीत मी भडंग करते, उन्हाळ्यात कांदा-लसूण मसालाही. म्हणजे घरात बारा महिने चुरमुऱ्याची दोन-तीन पोती, शेंगदाणे, लसूण, धणे. उंदराला हे माहेरच. त्यात २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या खिडक्या पाण्याखाली होत्या. भिंतीचा खालचा गिलावा तेव्हा जो सुटला, आणि मोरीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट जे निघालं, ते "पुढच्या महिन्यात करू" म्हणत तसंच राहिलं.

यंदा जूनमध्ये एका पोत्याचा कोपरा कुरतडलेला दिसला. आत लेंड्या. अख्खं पोतं फेकून दिलं, कारण असला माल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायला माझं मन धजत नाही. तिथून पुढं तीन महिन्यांत जे जे विकत आणलं त्याचा हा हिशेब. एकूण १५८९ रुपये.

त्यातले ६९९ सरळ पाण्यात. प्लगमध्ये लावायचं यंत्र, ऑनलाइन मागवलेलं. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढतं आणि उंदीर घर सोडतात म्हणे. निळा दिवा मात्र सुरेख लागतो. आठव्या दिवशी त्याच दिव्याच्या खाली फरशीवर लेंड्या पडल्या होत्या. असला आवाज भिंतीपलीकडे जात नाही, भरलेल्या पोत्यामागेही पोचत नाही, आणि उंदीर थोड्या दिवसांत त्याला सरावतो. हे सगळं मला पैसे गेल्यावर कळलं.

चिकट पुठ्ठे १८० ला चार. उंदीर सापडतो, नाही असं नाही. पण रात्री दोन वाजता तो जे ओरडायला लागला ते पहाटेपर्यंत. सकाळी दुसऱ्या पुठ्ठ्यावर एक पाल. तिला गोडंतेल लावून लावून सोडवलं, अर्धा तास गेला. प्राणी कल्याण मंडळानं २०२० मध्ये राज्यांना हे पुठ्ठे बंद करा असं कळवलेलं आहे, तरी दुकानात ढिगानं मिळतात. उरलेले दोन मी कचऱ्यात टाकले.

औषधाच्या वाटेला गेलेच नाही. मारुती रोडच्या बाजूला ज्या हार्डवेअरच्या दुकानातून मी पुढचं सामान घेतलं, तिथल्या मामांनीच अडवलं. "वहिनी, तुम्ही खायचा माल करता. हे खाऊन तो लगेच मरत नाही, चार दिवसांनी कुठंतरी भिंतीत मरतो. वास आला की मग भिंत फोडत बसा." विकणाराच विकू नको म्हणतोय म्हटल्यावर दुकानाला पाचपैकी पाच.

मामांनी दिला तो तारेचा पिंजरा, २८०. मजबूत आहे, दार खाडकन पडतं. पण तो मोठ्या उंदरासाठी आहे, आणि आमच्याकडे ती बारकी जात. पहिल्या रात्री दार पडलेलं, भजी गायब, पिंजरा रिकामा! तारांच्या फटीतून निघून गेला. पेन्सिल जाईल एवढी फट उंदराच्या पिल्लाला पुरते. दोनदा सापडली ती चिचुंद्री.

आता रांगोळी. पीठ पसरून माग काढतात हे लहानपणी आजोळी पाहिलेलं, पण पीठ खाल्लंही जातं आणि त्याला किडे लागतात. म्हणून रांगोळी. झोपताना भिंतीलगत चार बोटं रुंद पट्टा चाळणीनं भुरभुरवला, अगदी पातळ. सकाळी मोबाइलची बॅटरी जमिनीला टेकवून आडवी धरली आणि सगळा रस्ता उघडा पडला. मोरीच्या पाइपापासून पोत्यांपर्यंत पावलं, भिंतीला चिकटून, खोलीच्या मध्ये एकही नाही. चष्मा लावून बसले तर पुढच्या पायाचा ठसा चार बोटांचा, मागचा पाच. दाराजवळ वेगळेच ठसे, पुढचेही पाच बोटांचे. ती चिचुंद्री. मी तीन आठवडे पिंजरा ठेवत होते तो याच दाराजवळ. पहिल्या रात्रीनंतर उंदीर तिकडं फिरकतही नव्हता!

मग लाकडी चाप, ६० चा एक, दोन घेतले. एकाचा आकडा इतका घट्ट की चमच्यानं दाबला तरी सुटेना. आमच्या ह्यांनी कानशीनं घासून दिला. आणल्यावर चमच्यानंच तपासा, बोटानं नको. ठेवायचा तो भिंतीला काटकोनात, खाऊची बाजू भिंतीकडे. नुसता शेंगदाणा त्यानं दोन रात्री अलगद उचलून नेला. मग गूळ तापवून त्यात शेंगदाणा चिकटवला. तो ओढायला लागतो, आणि ओढला की संपलं. नऊ रात्रींत पाच. सासूबाईंची एकच अट होती, चाप लावलाय हे घरात मोठ्यानं बोलायचं नाही, त्याला ऐकू येतं. आम्ही खुणेनं बोलत होतो.

पाचव्यानंतर रांगोळी दोन दिवस कोरी राहिली, तेव्हा पाइपाभोवती तारेची घासणी कोंबून वर सिमेंट मारून घेतलं. आधी मारलं असतं तर ते आतच अडकले असते.

शेवटचे ३१० झुरळांच्या चिकट कार्डांना, दहा नग. यांनी झुरळं संपत नाहीत, पण कुठून येतात ते कळतं. प्रत्येकावर तारीख लिहून ओट्याखाली, फ्रिजमागे, मसाल्याच्या फळीवर ठेवली. फ्रिजमागच्यावर आठवड्यात चौदा, ओट्याखाली एक. जेल मग फक्त फ्रिजमागे लावलं. फळीवरच्या कार्डावर झुरळ नव्हतंच; तिळाएवढे तपकिरी किडे चिकटलेले. हळदीचा डबा उघडला, स्वच्छ. धण्याची पिशवी उघडली तर तळाशी भुगा. सहा किलो धणे गेले, पण मसाल्यात जाण्याआधी गेले.

चाप आता माळ्यावर आहेत. रविवारी रात्री रांगोळीचा पट्टा अजून घालते. परवा एकच माग होता, दाराजवळून आत येऊन परत बाहेर गेलेला, पुढची बोटं पाच. ती झुरळं खाते म्हणून तिला कुणी काही करत नाही.