डाउन पेमेंटसाठी पीएफ की सोनेतारण?

५० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ४० लाख देते. उरलेले १० लाख, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, हे आपलं आपण बघायचं.

खर्च: पीएफ काढला तर हप्ता नाही, पण चक्रवाढ व्याज बुडतं (२०२४-२५ मध्ये ८.२५ टक्के). सोनेतारणाचं व्याज भरावं लागतंच, शिवाय ते कर्ज सिबिलमध्ये (बँका बघतात त्या कर्जांच्या नोंदीत) दिसतं आणि गृहकर्जाची पात्रता घटते. हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं.

वेळ: सोन्यावर बहुधा त्याच दिवशी पैसे. पीएफचा दावा मात्र आधारवरच्या नावातल्या एका अक्षरासाठी किंवा जुन्या कंपनीची शिल्लक वर्ग न केल्याने अडकतो. बिल्डर तोवर थांबत नाही.

वर्षभरात एफडी सुटणार असेल तर सोनं तारण ठेवा. पगार गृहकर्जाच्या हप्त्यालाच जेमतेम पुरणार असेल, तर पीएफ.