क्लॅमिडियाची टेस्ट आधीच करायची की त्रास झाल्यावर?

पंचविशीच्या आतली मुलगी, सेक्शुअली अॅक्टिव्ह, त्रास काहीच नाही, मग क्लॅमिडिया-गोनोरियाची (संबंधांतून पसरणारी इन्फेक्शन्स) टेस्ट कशाला, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा समोर दोनच रस्ते असतात.

एक म्हणजे दुखायला लागलं की बघू. आपल्याकडे सरकारी सुरक्षा क्लिनिकमधे बरंचसं असंच चालतं, लक्षणं विचारून रंगीत किट देतात, अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. औषध त्याच दिवशी, पैसे नाहीत, लॅबची वाट बघायची नाही, आणि जिला दुखतंय तिच्यासाठी ते बरोबरच आहे. पण क्लॅमिडिया बहुतेक बायकांमधे गपचूप असतो, गर्भनलिका आतून खराब होत असल्या तरी कळत नाही, मग ती दवाखान्याची पायरी चढणार कशी? त्यात आपली अंगावर काढायची सवय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या टीमने ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आलं ते, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

दुसरा रस्ता, त्रास नसतानाच दरवर्षी टेस्ट, अमेरिकेत २४ वयापर्यंत हेच सांगतात. सिअॅटलच्या १९९६ च्या ट्रायलमधे स्क्रीनिंगने, म्हणजे अशा टेस्टने, पीआयडी (गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत चढलेलं इन्फेक्शन) निम्म्याहून कमी झाला होता. लंडनच्या २०१० च्या ट्रायलमधे मात्र २५०० च्या वर विद्यार्थिनींनी स्वतःच योनीतून स्वॅब घेतले, निम्म्यांचे लगेच तपासले, बाकीच्यांचे वर्षभराने, तर पीआयडी १.३ विरुद्ध १.९ टक्के, म्हणजे फरक योगायोगाचाही असू शकतो एवढाच. शिवाय पीआयडी झालेल्या बहुतेक जणी सुरुवातीला निगेटिव्हच होत्या! पण पॉझिटिव्ह असून उपचार न झालेल्यांत पीआयडी ९.५ टक्के आणि उपचार झालेल्यांत १.६, हे आकडे लहान गटाचे असले तरी मला सोडवत नाहीत. म्हणून माझं मत टेस्टच्या बाजूने, फक्त एका निगेटिव्ह रिपोर्टवर वर्षभर निवांत राहायचं नाही, पार्टनर नवीन असेल तर परत करायची.

करायचीच तर पीसीआरवाली, म्हणजे थेट जंतूचा डीएनए शोधणारी, करा. रक्तातली अँटीबॉडी टेस्ट आत्ता इन्फेक्शन आहे का ते सांगत नाही, आणि पॅप स्मिअर तर वेगळ्याच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या कामाची. स्वॅब स्वतः घेतला तरी डॉक्टरांनी घेतल्याइतकाच चालतो, युरिन थोडी कमी पडते, आणि ती द्यायची तर तासभर आधी लघवीला जायचं नाही आणि सुरुवातीची धार घ्यायची, आपण नेहमीच्या सवयीने मधली भरतो. पॉझिटिव्ह आलं तर क्लॅमिडियाला साधारण आठवडाभर डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन अँटिबायोटिक (प्रेग्नंट असाल तर आधी सांगा, औषध बदलतं), पार्टनरलाही सोबतच, नाहीतर तेच परत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट.

ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, संबंधांच्या वेळी आत दुखतंय, तर यातलं काहीही ठरवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पीआयडीची शंका असली की रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू करतात.