कॉर्डलेस हॅमर ड्रिल: घरच्या दुरुस्त्यांसाठी काही महिने वापरल्यानंतर

१८ व्होल्टचं, दोन गिअरचं आणि १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा जबडा) कॉर्डलेस हॅमर ड्रिल मी गेले काही महिने घरच्या कामांना वापरतो आहे. शेल्फ, पडद्यांचे रॉड, लटकलेला दरवाजा, ड्रॉवरचे चॅनल, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं त्यावर झालं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू पडतं.

ड्रिल घेताना सगळे बघतात ते भिंतीत भोक किती मोठं पडेल हे. मीही तेच बघून घेतलं. पण आता हिशोब केला तर या मशीननं भोकं पाडली त्याच्या कितीतरी पट स्क्रू लावले आणि काढले आहेत. त्यामुळे माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे चकच्या मागची आकड्यांची रिंग, म्हणजे क्लच.

रिंगवर १ पासून साधारण २० पर्यंत आकडे असतात, पुढे ड्रिलचं चिन्ह आणि मग हातोडीचं, म्हणजे फिरता फिरता ठोके देणाऱ्या हॅमरचं. आकडा जितका लहान, तितक्या कमी जोराला क्लच सुटतो. कट-कट-कट आवाज येतो, मोटर फिरत राहते, पण स्क्रू थांबतो. पार्टिकल बोर्डच्या कपाटात याची खरी किंमत कळते. तो बोर्ड म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा भुगा. स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला की आतले आटे तुटतात आणि मग तो जागच्या जागी फिरत राहतो. मी ३-४ वर सुरुवात करतो आणि स्क्रूचं डोकं टेकत नसेल तर एकेक आकडा वाढवतो. मोठ्या आकड्यावरून खाली यायचं नाही, कारण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. गिअर अर्थातच १ वर. २ नंबरचा गिअर वेगाचा आहे, तो भोकांसाठी.

स्क्रूचं डोकं खराब होण्याचं खापर मशीनच्या जोरावर फुटतं, पण बऱ्याचदा बिटच, म्हणजे चकमध्ये बसवायचं टोकच, चुकीचं असतं. मुख्य फुलीच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो स्क्रू पोझीड्राइव्ह. त्याला पीझेड२ बिट लागतं. साध्या फिलिप्सचं पीएच२ त्यात बसल्यासारखं वाटतं आणि जोर आला की घसरतं. दोन्ही बिटं ठेवा, आणि कडा गोल झाल्या की सरळ टाकून द्या.

या मशीनवर झालेलं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे घासणारा दरवाजा. कडीच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला घासू लागला की बहुतेक लोक दरवाजा उतरवून खालून रंधा मारतात. त्याआधी वरची बिजागरी बघा. दरवाजा थोडा उघडून हँडल धरून वर उचला. बिजागरी चौकटीपासून हलताना दिसली तर दुखणं तिथेच आहे. आमच्याकडे तेच होतं. चौकटीतली भोकं ढिली झाली होती आणि स्क्रू बोटांनी बाहेर येत होते. दरवाज्याखाली पाचर घालून वजन तोलून धरलं, वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, भोकांत लाकडाचा गोंद लावून लाकडाच्या गोल काड्या ठोकल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. सकाळी पटाशीनं त्या सपाट कापल्या आणि नवी भोकं पाडली. ८ नंबरचा स्क्रू सुमारे ४.२ मिमी जाड असतो. कठीण लाकडात त्याला ३ मिमीचं भोक लागतं, मऊ लाकडात २.५ चालतं. आट्यांवर थोडं मेण घासलं की स्क्रू किंचाळत नाही. दरवाजा आता एका बोटानं बंद होतो आणि रंध्याला हात लावावा लागला नाही.

आता भिंती. इथे मशीनपेक्षा भिंत ओळखता येणं महत्त्वाचं, आणि ते भोकातून येणाऱ्या भुकटीवरून कळतं. आधी गिलाव्याची राखाडी भुकटी येते, मग वीट लागली की लाल. लाल भुकटी आली की हे ड्रिल मजेत चालतं, ८ मिमीचं भोकसुद्धा काही सेकंदांत. राखाडीच येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर समोर काँक्रीट आहे. पांढरट, मऊ भुकटी आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. तिथे हॅमर ताबडतोब बंद करायचा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) पकड घेत नाही.

पडद्याच्या रॉडला सगळ्यांचा घाम निघतो तो यामुळेच. खिडकीच्या वर लिंटेल, म्हणजे भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई असते आणि ती काँक्रीटची असते. ब्रॅकेट नेमके तिथेच येतात. या मशीनचा हॅमर म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या दोन दातेरी चकत्या. त्या बारीक बारीक ठोके देतात, आणि ठोक्याचा जोर तुम्ही मागून किती दाबता यावर अवलंबून असतो. रोटरी हॅमर हे काँक्रीटसाठीचं वेगळं मशीन. त्यात हवेच्या दाबानं पिस्टन ठोका देतो, म्हणून एसडीएस (खाचा असलेल्या दांड्याचं) बिट लावलेलं ते मशीन काँक्रीटमध्ये सहज शिरतं. माझ्या ड्रिलनं लिंटेलमध्ये ६ मिमीची भोकं पाडली, पण आधी ४ मिमीचं पाडून, मधे मधे बिट बाहेर काढून भुकटी साफ करत आणि ते थंड होऊ देत. चारच भोकांत बॅटरी अर्धी उतरली. बिट एकदम अडलं आणि धातूचा आवाज आला तर आत सळई आहे. जोर न लावता जागा बदला. स्लॅबमध्ये पंख्याचा हूक किंवा १० मिमीचे अँकर असतील तर या मशीनच्या नादी लागू नका, रोटरी हॅमर भाड्यानं आणा.

गिट्टीबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण शेल्फ पडतं ते बहुधा तिच्यामुळे. नायलॉनची पसरणारी गिट्टी जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी १९५८ मध्ये बनवली. तिचं तत्त्व साधं आहे: स्क्रू आत शिरताना तिला फुलवतो आणि ती भोकाच्या भिंतीला आवळून बसते. म्हणजे आवळायला घट्ट काहीतरी हवं. गिलावा साधारण १२ ते १५ मिमीचा असतो आणि त्याच्यात ती ताकद नसते. ६ मिमीची गिट्टी बहुधा ३० मिमी लांब असते. ती गिलाव्यात अर्धी राहिली तर वजन गिलाव्यावर येतं. मी भोक थोडं खोल पाडतो, भुकटी फुंकून काढतो आणि गिट्टी गिलाव्याच्या आत विटेपर्यंत ढकलतो. स्क्रूची लांबी काढताना गिट्टी, गिलावा आणि ब्रॅकेटची जाडी अशी बेरीज करायची.

टाइलवर हॅमर कधीच नाही. मास्किंग टेप लावून, कमी वेगात, भाल्याच्या टोकाचं कार्बाइड बिट. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर डायमंड बिट आणि पाण्याचा शिडकावा. टाइल पार झाली की मग बिट बदलून हॅमर.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी साधारण याच रेषांत असतात. शंका असली की त्या खोलीचा एमसीबी खाली करून काम करा. कॉर्डलेसचा इथे मोठाच फायदा आहे, वीज बंद असली तरी मशीन चालतं. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला चांगला मास्क लागतोच. काँक्रीट आणि टाइलच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. बिट अडकलं की सगळं मशीन मनगटाला पीळ देतं, म्हणून मोठ्या भोकांना बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनी धरा.

तक्रारी दोन. हॅमरवर काम करताना चक हळूहळू सैल होतो, त्यामुळे दर थोड्या वेळानं पुन्हा आवळावा लागतो. आणि वजन. डोक्याच्या वर हात करून काम असलं की पाचव्या स्क्रूपर्यंत खांदा बोलायला लागतो.

बॅटरी लिथियम-आयनची आहे. ती हळूहळू मंदावत नाही, संपली की जवळजवळ एकदम बंद पडते, त्यामुळे दुसरी बॅटरी ही चैन समजू नका. पूर्ण उतरवून चार्ज करण्याची गरज नाही. बराच काळ वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी, उन्हात तापणाऱ्या गॅलरीत नको. घेताना १८ व्होल्ट आणि "२० व्होल्ट मॅक्स" या आकड्यांत अडकू नका. दोन्हींत पाच सेलच असतात, पहिला आकडा सरासरी दाबाचा, दुसरा पूर्ण चार्ज असतानाचा. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही, म्हणून पुढे सँडर किंवा जिगसॉ घ्यायचा विचार असेल तर त्या कंपनीची बाकीची मशीनं आधी बघून घ्या.

भिंती विटांच्या असतील आणि काम मुख्यतः फर्निचर, बिजागऱ्या, शेल्फ यांचं असेल, तर हे मशीन मी बिनदिक्कत सुचवेन. फक्त फर्निचरच जोडायचं असेल तर १२ व्होल्टचं छोटं ड्रिल ड्रायव्हर पुरतं आणि हाताला हलकं पडतं. घरातल्या भिंती काँक्रीटच्या असतील, तर त्या १२ व्होल्टच्या जोडीला वायरचा छोटा रोटरी हॅमर घ्या, हे मधलं मशीन नको.