लुईस बेटावरचे पूर्वज शोधताना: आठ महिन्यांचा अनुभव

सासूबाईंचं माहेर स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं. त्यांचा कुणी पूर्वज पलटणीत होता, एवढंच घरात ऐकीव. नाशिकला उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची नावं अर्ध्या तासात निघाली होती. त्याच भरवशावर 'स्कॉटलंड्स पीपल' या स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडलं.

शोध फुकट, पण पान बघायला क्रेडिट लागतात: मी घेतले तेव्हा साडेसात पौंडांना ३०, एका पानाला ६. पहिल्या महिन्यात मी अधाशासारखी दिसेल तो डोनाल्ड मॅक्लिऑड उघडत सुटले. बेटावर नावं मोजकी, आडनावं त्याहून मोजकी. त्यात घरात गेलिक बोलीतला टॉर्मॉद कागदावर इंग्रजीत नॉर्मन होतो, हे फार उशिरा कळलं.

पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वह्यांवर भिस्त ठेवू नका. स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी नोंद १५५३ची, पण आमच्या बार्वास पॅरिशची वही थेट १८१०पासून. पुढे १८४३ला चर्च फुटलं, जवळजवळ सगळं लुईस फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेलं, आणि जुन्या वहीतले बाप्तिस्मे रोडावले.

वाट दाखवली ती फौजेनं. लंडनमध्ये क्यू या भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ९७' (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) नावाचे गठ्ठे आहेत. पेन्शनीत निघालेल्या शिपायाची जन्माची पॅरिश, वय, धंदा, उंची, डोळ्यांचा रंगसुद्धा त्यात सापडतो. (नोकरीतच मेला असेल तर 'डब्ल्यूओ १२'चे हजेरीपट चाळत बसा.) आमचा गडी निघाला ७८व्या हायलँडर्सचा. ही पलटण १७९३ला लुईसच्या जमीनदारानंच उभी केलेली. नोकरीची वर्षं जुळवली आणि मी खुर्चीतच सरसावले: २३ सप्टेंबर १८०३, असई! आपल्या भोकरदनजवळचं, जिथे वेल्स्लीनं शिंदे-भोसल्यांना हरवलं, ते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याच माणसांवर गोळ्या झाडायला गेला होता की गं!"

एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती: जन्म शोधू नका, मृत्यू शोधा. १८५५पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं आली, आईच्या माहेरच्या आडनावासकट. हा बाबा सत्तरी ओलांडून १८५७ला गेला, म्हणून अठराव्या शतकातले त्याचे आईबाप एका पानात हाती लागले. बाप अर्थातच डोनाल्ड मॅक्लिऑड. त्यातला नेमका कुठला, ते ठरायचंय. क्रेडिट उरलेत १२, म्हणजे दोन पानं.